पहिल्या शाळेचा ठसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त करून)



सुवर्णमहोत्सवी निधीतून आपल्या गावात बालमंदिर सुरू करावे, असा ठराव विश्वस्त मंडळाने एकमताने संमत केला, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. एकमत मात्र तेथपर्यंतच झाले. ते बालमंदिर कसे असावे यावर गेल्या तीन सभांत बरीच चर्चा झाली आणि ती अद्याप संपलेली नाही. काही पालकांचे म्हणणे असे की, तिसऱ्या वर्षी मूल आपल्याकडे यावे आणि पाचव्या वर्षी वाचता-लिहिता येऊनच बाहेर पडावे; प्रवेशाच्या वेळी मुलाखत असावी, गृहपाठ असावा, वर्षाअखेरीस गुणपत्रक असावे. दुसऱ्या बाजूला आम्ही काही जण आहोत. अध्यक्षांनी मला आज या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, ती बहुधा आमची बाजू एकदा सर्वांसमोर मांडली जावी म्हणूनच.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बी. कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसलो, तो आजतागायत. पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गणवेशासाठी आमच्या दुकानात जेवढी लहान मुले येतात, तेवढी एखाद्या शिक्षणाधिकाऱ्यालाही एका जागी पाहायला मिळत नसतील. अलीकडे तीन वर्षांच्या मुलासाठी टाय मागतात. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत, जेथे मोठी माणसेही गळ्याशी बटण लावत नाहीत, तेथे हा आग्रह! (माझ्या धंद्याला यात फायदाच आहे, म्हणून हे वाक्य निःस्वार्थ समजावे.) त्या मुलाला नाव विचारले की ते उत्तर देण्याआधी आईच्या तोंडाकडे पाहते, आणि आई म्हणते, "सांग ना, इंग्लिशमध्ये सांग." ते आईकडे पाहणे माझ्या मनात घर करून राहिले आहे. माझे आजचे सगळे बोलणे त्याभोवतीच आहे.

मुलाला केंद्रस्थानी ठेवणारी शाळा म्हणजे काय, याची सुरुवात सांगताना रोम शहराकडे जावे लागते. डॉ. मारिया माँटेसरी या वैद्यक शिकलेल्या बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी एक बालगृह उघडले. प्रारंभी खेळसाहित्य कपाटात कुलूपबंद असे आणि शिक्षिका ते वाटून देत असे. एके दिवशी कपाट उघडे राहिले. शिक्षिका पोहोचेपर्यंत मुलांनी आपापल्या आवडीचे साहित्य काढून शांतपणे काम सुरू केले होते. दुसरी एखादी संचालिका असती तर तिने मुलांना दटावले असते. माँटेसरीबाईंनी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे करून घेतली. तेथेच एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या भोकांत बसवण्याचे काम चाळीसहून अधिक वेळा करताना त्यांनी पाहिली. आजूबाजूला गाणी चालू होती, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष हलले नाही. काम संपल्यावर ती थकलेली नव्हती, प्रसन्न होती. मूल मुळात चंचल असते ही आपली समजूत; त्या वस्तीत दिसले ते वेगळेच.

हा विचार आपल्याकडे आला तो गुजरातेतून, आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजही गुजराती बोलली जाते त्यांना याचा अभिमान वाटावा. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या चिंतेतून ते माँटेसरीबाईंच्या लेखनाकडे वळले आणि अखेरीस वकिली सोडून बसले. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुले त्यांना इतकी बिलगत की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई म्हणू लागले. त्यांच्या जोडीला मुंबईच्या ताराबाई मोडक आल्या. ताराबाई मराठी घरातल्या, प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, पदवीधर. पण भावनगरात राहून त्यांनी गुजराती इतकी आत्मसात केली की दोन्ही भाषांत लेखन केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. मराठी आणि गुजराती यांचा सांधा जोडणारे असे कार्य फार थोडे झाले आहे.

पण ताराबाईंचे खरे मोठेपण पुढचे आहे. शिशुविहारात मध्यमवर्गीयांची मुले येत. साहित्य महाग, जागा प्रशस्त. हे खेड्यातल्या मुलाला कसे परवडणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाची त्रेपन्न वर्षे उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात त्यांची भेट अनुताई वाघ यांच्याशी झाली होती. अनुताई मूळच्या पुण्याकडच्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या. पुढे शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. त्या ताराबाईंबरोबर गेल्या, आणि १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्या कार्यातून बाहेर पडल्या नाहीत.

बोर्डीत त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, माती, नारळाच्या करवंट्या यांतून शिक्षणसाहित्य घडवले. आपल्या किनाऱ्यावरही याहून वेगळे काय मिळते? मध्यवर्ती बालवाडीत वस्तीवरची मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेऊन भरवली. त्या प्रयोगाचे नाव अंगणवाडी. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत, कारण धाकटे भावंड सांभाळायचे असे; म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडले. थोडी मोठी मुले गुरे घेऊन जात. म्हणून गुरे चरतात तेथे शिक्षक गेला आणि कुरणशाळा झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणाऱ्या रचनेला विकासवाडी म्हटले गेले. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग असे, आणि अनुताईंनी ती कामे स्वतःच्या हातांनी केली. शासनाने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन गौरवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या कोळीवाड्यातली अंगणवाडीही त्यांतलीच. तिच्या नावामागे आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाचे एक गाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

आता मूळ प्रश्न. अशा शाळेत गेलेल्या मुलांचे पुढे काय होते? चार वर्षे खेळण्यात गेली, मग पुढे मागे पडली की पुढे गेली?

आपल्या समाजाच्या आणि माझ्या व्यवसायाच्या जवळचे एक उदाहरण सांगतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे अंबालाल साराभाई आणि सरलादेवी हे जैन दांपत्य. आठ मुले. त्या काळच्या शाळांवर समाधान नव्हते, म्हणून शाहीबागेतील आपल्या 'रिट्रीट' बंगल्याच्या आवारातच त्यांनी मुलांसाठी माँटेसरी पद्धतीवर आधारलेली शाळा काढली. बागकाम, संगीत, चित्र, हस्तव्यवसाय, ज्याला जे रुचेल ते खोलवर करण्याची मोकळीक. विक्रमभाईंना यंत्रांची आवड, तर त्यांच्यासाठी कार्यशाळा उभारली. तेथे त्या मुलाने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. पुढे त्याच विक्रमभाईंनी १९४७ मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली आणि १९६३ मध्ये थुंबा येथून पहिले रॉकेट सोडण्यापर्यंत देशाला नेले, हे सर्वांना माहीत आहे. त्यामानाने कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, १९६६ मध्ये त्यांनी अहमदाबादेत सामूहिक विज्ञान केंद्र सुरू केले, जेथे शाळकरी मुलांनी उपकरणे स्वतः हाताळावीत अशी योजना होती. भगिनी लीनाबेन यांनी १९४७ मध्ये 'श्रेयस' ही शाळा काढली. गौतमभाई आणि गिराबेन यांचे नाव कॅलिको वस्त्रसंग्रहालयाशी आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेशी जोडलेले आहे. कापडाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ते संग्रहालय एकदा तरी पाहावे. ज्येष्ठ भगिनी मृदुलाबेन स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेल्या आणि फाळणीनंतर पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. आठ भावंडांनी एकच वाट धरली नाही. प्रत्येकाने स्वतःची शोधली, आणि दोघांनी तर आपल्याला लाभलेली शाळा इतरांच्या मुलांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला.

यावर आपल्यापैकी चाणाक्ष मंडळी लगेच विचारतील, आणि विचारावेच, की हे शाळेमुळे की पैशामुळे? गिरणीमालकाची मुले कोणत्याही शाळेत गेली असती तरी पुढे आली असती. ही शंका रास्त आहे, म्हणून साराभाईंवर थांबून चालत नाही. जेथे पैसा मुळीच नव्हता अशा ठिकाणचा हिशेब पाहावा लागतो. तसा एक हिशेब अमेरिकेतील मिशिगन राज्यात यिप्सिलांटी या गावी झाला आहे.

१९६२ पासून तेथे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील तीन-चार वर्षांची १२३ मुले निवडली. त्यांचे दोन गट पाडले: ५८ मुलांना पेरी शाळेतील बालवाडीत प्रवेश, उरलेल्या ६५ ना नाही. बालवाडी रोज सकाळी अडीच तास. मुलाने काय करायचे ते स्वतः ठरवायचे, करायचे आणि मग काय केले ते सांगायचे, हा तिचा गाभा. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत. मग संशोधकांनी या मुलांचा पाठपुरावा चाळीस वर्षांचे होईपर्यंत केला. इतका चिवटपणा आपल्या वसुली खात्यातही दिसत नाही.

त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यंक आधी इतरांपेक्षा बराच वाढला, आणि प्राथमिक शाळेतल्या काही वर्षांतच तो फरक पुसला गेला. त्या वेळी कोणी हिशेब बंद केला असता तर लिहिले असते, पैसे बुडाले. पण चाळिसाव्या वर्षी पाहिले तर बालवाडीतले ७७ टक्के जण शालान्त शिक्षण पूर्ण केलेले, दुसऱ्या गटात ६० टक्के. वर्षाला वीस हजार डॉलरहून अधिक कमावणारे ६० टक्के, दुसऱ्या गटात ४०. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले ३६ टक्के, दुसऱ्या गटात ५५. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले जेम्स हेकमन यांनी या गुंतवणुकीवरचा परतावा दरसाल सात ते दहा टक्के काढला. व्यापारी म्हणून मला हा आकडा पुरेसा आहे.

त्याच गावात १९६७ पासून दुसरा प्रयोग झाला, आणि आपल्या सभांतील वादाशी त्याचा थेट संबंध आहे. ६८ गरीब मुले, तीन प्रकारच्या बालवाड्या. एका ठिकाणी शिक्षिका अक्षरे-अंक ठरावीक पाठांतून घोटून घेई. इतर दोन ठिकाणी पुढाकार मुलांचा. बुद्धीच्या चाचण्यांत तिन्ही गट जवळपास सारखेच वर गेले. तेविसाव्या वर्षापर्यंतची नोंद पाहिली तर घोटून घेणाऱ्या गटातील ४७ टक्के जणांना कधी ना कधी भावनिक त्रासासाठी विशेष मदत लागली होती. इतर दोन गटांत हेच प्रमाण ६ टक्के. मुले थोडी होती, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत बांधू नये हे मलाही मान्य आहे. तरीही तिसऱ्या वर्षी पाटीवर बाराखडी गिरवून घेण्याचा लाभ टिकत नाही आणि तोटा टिकू शकतो, एवढा बोध त्यातून नक्कीच निघतो.

इतके दूर जायची तरी काय गरज, असे आपल्यातील काही ज्येष्ठांना वाटत असेल, कारण त्यांना आपल्याच गावातली पडवी आठवत असेल. साठच्या दशकात कोसबाडला प्रशिक्षण घेतलेल्या एक बाई येथे बालवाडी चालवत. मी १९६३ च्या सुमारास तेथे होतो. आकाराप्रमाणे शिंपले लावणे, सुपात तांदूळ निवडणे, लहान तांब्याने न सांडता पाणी ओतणे, पंचाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घालणे, हा आमचा अभ्यास. अक्षर एकही नाही. पहिलीत गेलो तेव्हा इतर मुलांना 'अ' ते 'ज्ञ' येत होते आणि आम्ही कोरे होतो. दिवाळीपर्यंत आम्ही त्यांच्या बरोबरीला आलो.

त्या पडवीतले जे दहा-बाराजण आजही माझ्या संपर्कात आहेत, त्यांच्याकडे पाहिले तर कोणी फार नामवंत झालेले नाहीत. एक एस. टी. तून निवृत्त झाला. एक सुतार आहे. नकाशा न काढता घडीचे कपाट बनवतो. एक कोळी भगिनी सुक्या मासळीचा व्यापार करते. आपल्या आहाराशी त्याचा संबंध नाही, पण तिचा हिशेब मी जवळून पाहिला आहे. बँकेतल्या साहेबाला व्याजाचा दर समजावून मागताना तिचा आवाज खाली येत नाही. एकाची दारूने वाताहत झाली, तेही सांगितले पाहिजे. बालवाडी म्हणजे काही रक्षाकवच नव्हे. पण यांच्यात एक गोष्ट मला समान दिसते: समजले नाही तर विचारतात, हाती घेतलेले काम अर्धवट टाकत नाहीत, वस्तू जागच्या जागी ठेवतात. आणि यांपैकी कोणीही उत्तर देण्याआधी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही. आमच्या दुकानात थानांच्या घड्या कशा असतात ते आपण पाहिलेच आहे. माझी मुले हसतात, पण तो कोपऱ्याला कोपरा तेव्हापासूनचा आहे.

काही पालक मला म्हणाले, "आपल्या पाठशाळेत तर लहानपणापासून सूत्रे पाठ करून घेतात, मग बालमंदिरात पाठांतर का नको?" नवकार मंत्र आपण सगळे कसे शिकलो ते आठवून पाहावे. आजीच्या मांडीवर, झोपण्यापूर्वी, तिच्या सुरात सूर मिसळून. कोणी परीक्षा घेतली नाही, चुकले म्हणून छडी मारली नाही, गुणपत्रक दिले नाही. तरीही तो एकही माणूस विसरलेला नाही. पाठांतराला माझा विरोध नाहीच. ते कोणाच्या मांडीवर होते, याकडे लक्ष वेधायचे आहे.

मांडव्याला रो-रो आल्यापासून आपल्या किनाऱ्यावर मुंबईचे वारे अधिक वेगाने येत आहेत. जमिनींना भाव आला, नव्या शाळा निघाल्या, आणि आपले मूल मागे राहील ही भीतीही त्याच बोटीतून आली. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तरुण आई-वडिलांवर किती दडपण आहे ते दुकानात रोज दिसते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून तेथे खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. म्हणजे आम्ही जे मागतो आहोत ते जुनाट नाही. ताराबाईंच्या गावाहून निघालेली गोष्ट दिल्लीला पोहोचायला पाऊणशे वर्षे लागली, एवढेच.

विश्वस्त मंडळाकडे माझी विनंती व्यवहाराची आहे. निधीतून इमारतीवर कमी आणि शिक्षिकेवर अधिक खर्च व्हावा. आपल्या समाजात संगमरवरासाठी दाता पटकन मिळतो, कारण त्यावर नाव कोरता येते. पगारावर नाव कोरता येत नाही. म्हणून निधीचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून दोन प्रशिक्षित शिक्षिका आणि एक मदतनीस यांचे वेतन कायमचे सुटावे. प्रवेशाला मुलाखत नको, ना मुलाची ना आई-वडिलांची. जागा आपल्या समाजापुरत्या न ठेवता कोळीवाडा आणि आदिवासी वाडी यांच्यासाठीही असाव्यात. ज्या पडवीने आम्हाला घडवले तिथे कोण कोणत्या आळीतला हे आम्हाला मोठे होईपर्यंत ठाऊक नव्हते. शिक्षिकेने महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जावे आणि त्याचा प्रवासखर्च ट्रस्टने द्यावा. आणि पहिल्या तीन वर्षांत निकाल काय लागला, असे कोणीही विश्वस्तांना विचारू नये. विचारलेच, तर त्यांनी निकाल सांगू नये.

कपाटांचे काम त्या सुतारमित्राने लाकडाच्या किमतीत करून देण्याचे कबूल केले आहे. उंची अडीच फूट, दारे नाहीत, कुलूप नाही. आसनपट्ट्या आणि पडदे यांचे कापड आमच्या पेढीकडून. शिक्षिकांच्या वेतननिधीसाठी नावे पुढील रविवारपर्यंत कार्यालयात नोंदवावीत. रक्कम जाहीर केली जाणार नाही.